कायमचा पत्ता

सोमवार, ३ जून
पुन्हा बदलला! आमच्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता कंपनी लहर लागेल तेव्हा बदलते. घर तेच, दारावरचा नंबर नवा. शाळेत न गेलेल्या बायकांसाठी मी अक्षरओळखीचे धडे माझ्या आवाजात करून घरच्या कॉम्प्युटरवर ठेवलेत, कुणीही यावं, फुकट शिकावं. पत्ता बदलला की येणारीला बंद दार! कायमचा पत्ता – स्टॅटिक आयपी – हवा तर म्हणे दरमहा वेगळे पैसे. कशाचे? नंबर न बदलण्याचे! काही न करण्याची मजुरी मागणारे हे पहिलेच.

मंगळवार, ४ जून
कंपनीच्या ऑफिसात गेले. काउंटरवर एक गोडतोंड्या.
"मॅडम, पॉलिसी आहे."
कुठे लिहिलीय?
"सिस्टीममध्ये."
दाखवा.
"सिस्टीम डाऊन आहे."
मग आवाज खाली आणून, "तुमच्यासाठी अर्ध्यात करतो, कुणाला सांगू नका." कोथिंबीर विकतोय जसा! मी ठणकावलं – सवलत नको, हक्क हवा. तो हसला. "शिकतात किती जणी?"
"एक," मी म्हटलं. लाज कसली? नाव नाही, गाव नाही, कॉम्प्युटरवर नुसता आकडा दिसतो. पण रोज येते. पंधराव्या धड्यावर आहे. पत्ता बदलला तरी शोधून काढते. याला म्हणतात जिद्द! असल्या बाईच्या वाटेत हे टोलनाके टाकून बसलेत.

गुरुवार, ६ जून
बाबा – "फुकट शिकवायचं आणि वर आपणच पैसे भरायचे? पदवी घेऊन हेच शिकलीस?"
आई भांडी विसळत होती. म्हणाली, "जाऊ दे ना गं. जिला शिकायचंय ती शिकतेच आहे ना?"
जाऊ दे! आयुष्यभर हेच. म्हणून तर अजून सहीच्या जागी अंगठा. हिला काय समजावणार!

शुक्रवार, ७ जून
कंपनीला लेखी कळवलं – कायमचा पत्ता मिळेपर्यंत बिल भरणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

बुधवार, १२ जून
लाइन तोडली! नालायक! फोन केला तर गोडतोंड्या तसाच पाकात घोळलेला. "बिल भरा मॅडम, लगेच जोडतो. स्टॅटिक अजूनही अर्ध्यात."
फोन आपटला. मग सुचलं – माझ्या बाईचं काय? सोळाव्या धड्यावर अडकली असेल. माझ्या तत्त्वापायी? छे. त्यांच्या हावरटपणापायी.
जेवले नाही. आईने ताट झाकून ठेवलंय.

गुरुवार, १३ जून
लाइन अजून बंद. बाहेरचं कुणी इथवर येऊच शकत नाही. वायफायवरून घरातल्या घरात, फोनवरून कॉम्प्युटरपर्यंत, तेवढं चालतं.
तरी कॉम्प्युटरवर एक जण आहे. सतरावा धडा, चालू.
स्वयंपाकघरातून माझाच आवाज येतोय – "पुन्हा म्हणा."
आई पुन्हा म्हणतेय.