दिवाणामागची भिंत

मी, कमल सुधाकर बोधनकर, वय अठ्ठ्याहत्तर, सेवानिवृत्त शिक्षिका (गृहविज्ञान), राहणार नेहरू नगर, भोपाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉ. भालचंद्र यांनी तपासून तसा दाखला दिला आहे; तपासताना त्यांचे स्टेथोस्कोप थंड होते, ते मी त्यांना सांगितले. वकिलांचा आग्रह होता की कागद हिंदीत करावा. हिंदीत मी भाजी घेते आणि रिक्षावाल्याशी भांडते. मरणाचे मराठीतच लिहीन. भाषांतर वकिलांनी करून जोडावे, त्याची फी त्यांना पोचली आहे.

या आधी मी दोन मृत्युपत्रे केली होती. ती दोन्ही रद्द समजावीत. पहिल्यात सर्व काही माझे पती सुधाकर यांना होते. ते माझ्या आधी गेले, म्हणजे मला न विचारता केलेली त्यांची ही एकमेव गोष्ट. दुसऱ्यात नेहरू नगरचा फ्लॅट माझा भाचा पराग याला दिला होता. ते का बदलले हे खाली येईलच. परागने शेवटपर्यंत वाचावे, मध्येच उठून फोन करू नये.

कलम १. आम्हाला मूलबाळ नाही. माझ्या मागे जवळची माणसे दोन. माझ्या भावाचा मुलगा पराग, इंदूरला त्याचे टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाचे दुकान आहे. आणि माझे धाकटे दीर सुभाष यांची मुलगी शर्वरी, जी इथे भोपाळात शिवाजी नगरला भाड्याच्या खोलीत राहते आणि चित्रकार म्हणवते. चित्र काढताना मी तिला पाहिलेले नाही. ती लोकांच्या घरातले साबणाचे उरलेले चपटे तुकडे, कंगव्यातले केस आणि अंघोळीचे गढूळ पाणी गोळा करते, आणि ते पाहायला सुशिक्षित माणसे चपला काढून आत जातात.

कलम २. बँकेतील मुदत ठेवी, चांदीची भांडी आणि माझे सोने परागला. तो भला मुलगा आहे. चांदी रांगोळीच्या पुडीने घासावी, बाजारात मिळणाऱ्या पातळ औषधाने नव्हे.

कलम ३. शिवणयंत्र खालच्या मजल्यावरच्या प्राजक्ताला. तिने माझी जाड बुडाची कढई सात वर्षांपूर्वी नेली आणि परत केली ती बाहेरून काळी करून. मी तिला क्षमा केलेली नाही, पण तिच्या मुलींना फ्रॉक शिवायचे असतात. कढईही तिनेच घ्यावी. काळी झालीच आहे.

कलम ४. सोसायटीच्या सेक्रेटरींना काही नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे झाकण त्यांनी आजवर बसवलेले नाही. टाकीत काय काय सापडले याची आठवण मी त्यांना प्रत्येक सभेत दिली आहे. माझ्यानंतर ही जबाबदारी ज्याला हवी त्याने घ्यावी.

कलम ५. फ्लॅट. इथे जरा मागे जावे लागेल.

मी जबलपूरच्या कॉन्व्हेंटात शिकले. तिथे रोज सकाळी प्रार्थनेआधी सिस्टर आमची नखे, कान आणि रुमाल तपासत. देव सगळीकडे असतो, पण मळक्या मुलीकडे तो जरा लांबूनच पाहतो, असे त्यांचे मत होते. पुढे भोपाळच्या मुलींच्या शाळेत मीही तेच केले. आज शहरात निम्म्या डॉक्टरणी आणि बऱ्याच कलेक्टरणी अशा आहेत की ज्यांच्या कानांमागे मी पाहिले आहे.

माझे पती सचिवालयात होते. राजधानी नागपूरहून भोपाळला हलली तेव्हा त्यांचे वडील कचेरीबरोबर इकडे आले. सुधाकर शांत, टापटिपीचे, आणि एकाच बाबतीत असाध्य: डोक्याला भरपूर आवळ्याचे तेल लावून दिवाणावर बसायचे आणि मागे भिंतीला डोके टेकून वर्तमानपत्र वाचायचे. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तेच, इथे आल्यावरही तेच. भिंतीवर नारळाएवढा गोल तपकिरी डाग. दर दिवाळीला मी रंग देववी आणि होळीपर्यंत डाग रंगातून वर येई. मी म्हणे, "मी मुलींना तेलाचे डाग काढायला शिकवते आणि माझ्याच घरात हे." ते म्हणत, "तुझ्या मुलींना सरावाला काहीतरी हवं ना."

ते गेल्यानंतरच्या दिवाळीला मी रंगारी बोलावला नाही. घरी येणाऱ्यांना वाटले, म्हाताऱ्या बाईकडून आता होत नाही. वाटू दिले.

तीन वर्षांपूर्वी मी नागपूरला लग्नाला गेले होते. घराची किल्ली शर्वरीकडे होती, कुंड्यांना पाणी घालायला. परत आले तर डाग मला फिका दिसला. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन मोतीबिंदू तपासून घेतला. डोळे उत्तम निघाले.

दोन महिन्यांनी शर्वरीचे प्रदर्शन लागले. नाव 'मळ'. मी माहेश्वरी नेसून, शाळेतल्या जुन्या तीन सहकारी घेऊन गेले, कारण घरची मुलगी आहे. साबणाच्या तुकड्यांसमोर आम्ही नाकाला रुमाल लावून माना डोलावल्या. शेवटच्या भिंतीवर दिव्याच्या झोतात काचेमागे एक मोठा टीपकागद होता आणि त्यावर नारळाएवढा तपकिरी गोल. शेजारी पाटी: "सुधाकरकाका. आवळ्याचे तेल, टीपकागद, कोमट इस्त्री."

माझ्या मैत्रिणीने चष्मा वर केला आणि म्हणाली, "अगं कमल, हे तर तुमच्या बैठकीतले सुधाकरराव."

वाचणाऱ्यांसाठी खुलासा: तेलाच्या डागावर टीपकागद ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवली की तेल पातळ होऊन कागदात उतरते. ही रीत मी पस्तीस वर्षे आठवीच्या मुलींना शिकवली. शर्वरीलाही उन्हाळ्याच्या सुट्टीत मीच शिकवली होती, तिने आंब्याच्या लोणच्याचे तेल फ्रॉकवर सांडले तेव्हा. कागदाच्या कडा जळलेल्या नव्हत्या, गोल फाकला नव्हता. परीक्षेत मी पूर्ण गुण दिले असते. पण तो शाळेचा वर्ग नव्हता, आणि कोपऱ्यात एक दाढीवाला मनुष्य माझ्या नवऱ्याच्या डोक्याकडे पाहून "सशक्त" म्हणत होता.

मी तिला तिथेच गाठले. "घरची घाण चव्हाट्यावर मांडलीस?"

"काकू, घाण असती तर तू ठेवली असतीस का?"

त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणे बंद केले. होळी गेली, राखी गेली, गणपती आले. ती मोदक घेऊन आली, मी ते दारातून घेतले. मोदक बरे होते.

त्यानंतर मी स्वतःच घासून लख्ख केलेल्या बाथरूमच्या फरशीवर घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. दवाखान्यात अडीच आठवडे शर्वरी माझ्यापाशी राहिली. कोणी बोलावले नव्हते. मला रोज गरम पाण्याने पुसून काढी. मी म्हणे, "कानामागे राहिलं." ती म्हणे, "तिथे दोनदा झालंय काकू. आता तिसऱ्यांदा पुसलं तर कान हातात येईल." पायाच्या बोटांमधली जागासुद्धा ती कोरडी करी. नर्सबाई करत नसत, मी तक्रार करूनही. जी मुलगी लोकांचा मळ बाटल्यांत भरते तिच्याइतके स्वच्छ हात मी कोणाचे पाहिले नाहीत, आणि मी हात पाहण्यात आयुष्य घालवले आहे.

आता पराग. पराग, रागावू नकोस. मी दवाखान्यात असताना तू इंदूरहून दोन माणसे आणलीस, बाथरूमला न घसरणारी फरशी बसवलीस, पकडायला दांड्या लावल्यास. त्या दांड्यांना धरून मी आजही उठते. आणि तेवढ्यावर न थांबता तू बैठकीची भिंत खरवडून तिला नवा रंग दिलास.

मी घरी आले, तू दिवा लावलास आणि म्हणालास, "आत्या, सरप्राइज. पूरी भिंत वॉशेबल आहे. तो काकांचा डाग किती वर्षं तुला छळत होता ना? खालून खरवडला, दोन कोट प्रायमर मारला. आता बापजन्मी वर येत नाही. आमच्या इंदूरचं काम आहे."

मी म्हणाले, "छान झालं." तू सुट्टीत यायचास तेव्हा तुला जेवणाआधी कोपरांपर्यंत हात धुवायला मीच लावले. डाग दिसला की काढायचा, हे तुला दुसऱ्या कोणी शिकवलेले नाही. तू मला खूश करण्यासाठी केलेस, आणि माझ्या पद्धतीने केलेस. तुझ्यावर रागावले असते तर आधी शाळेची पेन्शन परत करावी लागली असती.

तू गेल्यावर मी शर्वरीला विचारले, "तो कागद कुठे आहे?"

"माझ्या खोलीवर. दिल्लीचे एक जण घ्यायला तयार होते, मी नाही दिला."

"का?"

"तुला विचारल्याशिवाय कसा देऊ?"

"लावताना विचारलं नव्हतंस."

"तेव्हा तू नाही म्हणाली असतीस."

दुसऱ्या दिवशी ती तो रिक्षातून, चादरीत गुंडाळून घेऊन आली. तो माझ्या झोपायच्या खोलीत लावला आहे. काच मी दर शनिवारी पुसते. फ्रेम जरा उघडली की आवळ्याचा वास अजून येतो. हे मी एकदाच करून पाहिले, वारंवार उघडल्यास दमट हवा शिरते.

म्हणून: नेहरू नगरचा फ्लॅट, आतल्या उरलेल्या सामानासह, शर्वरीला. तो टीपकागदही तिचाच आहे, तिने केला आहे. तिने तो कोणालाही दाखवावा, पण विकू नये. परागने आक्षेप घेऊ नये. त्याला भिंतीचा अर्थ आता कळला असेल. दुकानातून तिला टाइल्स योग्य दरात द्याव्यात.

कलम ६. शर्वरीने माझी कवळी प्रदर्शनात ठेवू नये. ठेवल्यावाचून राहवतच नसेल तर घासून ठेवावी आणि पाटीवर माझे पूर्ण नाव लिहावे.

कलम ७. मला शेवटची अंघोळ शर्वरीने घालावी. पुरुष गुरुजींनी काही म्हटल्यास त्यांना हे कलम वाचून दाखवावे. पाणी गरम असावे. आता हिला काय कळतंय, म्हणून थंड ओतण्याची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. साबण नवीन फोडावा. कानामागे तिला माहीत आहे.

कलम ८. एक गोष्ट उरली. गेल्या चैत्रापासून मी रोज संध्याकाळी डोक्याला आवळ्याचे तेल लावते आणि दिवाणावर बसून, मागे टेकून, वर्तमानपत्र वाचते. परागने दिलेला रंग धुण्याजोगा आहे, परंतु तेलापुढे त्याचा इलाज चालत नाही असे दिसते. सुधाकरांचा डाग होता त्याच्या चार बोटे खाली एक गोल येऊ लागला आहे. माझी उंची कमी आहे. अजून फिका आहे, पण मला घाई नाही.

तो ठेवायचा की काढायचा हे शर्वरीने ठरवावे. काढायचा झाल्यास रीत तिला येते. इस्त्री कोमट असावी आणि कागद कोरा.

ठिकाण: भोपाळ. दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५.

सही: कमल सुधाकर बोधनकर

वरील कागद बाईंनी आम्हा दोघांदेखत, दिवाणावर बसून, चष्मा लावून वाचला आणि सही केली. त्यापूर्वी त्यांनी आम्हाला हात धुऊन यायला सांगितले. आम्ही धुतले.

साक्षीदार १: डॉ. भालचंद्र मुळमुळे, शिवाजी नगर, भोपाळ
साक्षीदार २: शांताराम खेडकर, निवृत्त मुख्याध्यापक, तुलसी नगर, भोपाळ (यांना दुसऱ्यांदा धुवायला लावले.)