अर्ध्या तासावरचा धबधबा

अहो एलिएसेर,

काळ्या घेवड्याचा भात चुलीवर झाकून ठेवलाय. तळलेली केळी मुंग्या लागायच्या आत खा. कोंबड्या आठवणीने कोंडा.

मी धबधबा बघायला गेले आहे. हो, आपलाच, ज्याच्या जिवावर या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने जातात.

सकाळी त्या जर्मन बाईने मला विचारलं, "पाणी खरंच निळं असतं का हो?" मी ठोकून दिलं, "निळंशार!" आणि आत येऊन माझी मलाच लाज वाटली. मी कुठे पाहिलंय? लग्नात तुम्ही म्हणाला होतात, "ओदिली, पाऊस उघडला की नेतो." आपल्याला नातू झाला, तरी तुमचा पाऊस काही उघडला नाही!

तेवढ्यात अंगणातून तुमचा आवाज आला. त्याच बाईला सांगत होतात, "अर्ध्या तासाची वाट, चढ नावाला. माझी बायको तर चपला घालून जाऊन येते!"

इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा चारचौघांत माझं कौतुक केलंत, तेही खोटं.

म्हणून तुम्ही गॅस आणायला गेल्यावर मी त्या बाईबरोबर निघाले. रागावले नाहीये. थोडी रागावलेय.

वाटेत गुडघाभर चिखल असतो म्हणतात, तेव्हा तुमचे रबरी बूट मी घातलेत. अंधार पडेपर्यंत परतले नाही, तर न्यायला या.

माझ्या चपला दाराशी काढून ठेवल्यात. अर्ध्या तासाची तर वाट आहे.

ओदिली