पांढऱ्या कार्डावरचे बोल्ट

१७ एप्रिल, गुरुवार
बेसा ते धरमपेठ, पंचेचाळीस मिनिटे. शेवटची वीस मिनिटे गाडीचा हीटर पूर्ण लावून. इंजिनाची उष्णता आत ओढून घेतली की तापमानाचा काटा मधल्या रेघेखाली राहतो. तत्त्व निर्विवाद आहे. चव्वेचाळीस अंशांत ते स्वतःच्या अंगावर घेणे हा वेगळा विषय. रुग्णालयात पोचले तेव्हा कुडता पाठीला चिकटलेला. लिफ्टमध्ये सगळ्यांनी पाहिले.

नवऱ्याला सांगायला नको होते. श्री. म्हणाला, "बाहेर आग लागली अन् तू हीटर लावून राहिली? अगं, विकून टाक ना तो डबा." 'लावून राहिली.' एकतीस वर्षे हे क्रियापद ऐकते आहे.

गाडीला वीस वर्षे पूर्ण. नोंदणीच्या नूतनीकरणाची तपासणी २३ मे, सकाळी नऊ. रागाच्या भरात श्री.ला शब्द देऊन बसले: नापास झाली तर भंगारात. तो हसला नाही. त्याने तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली.

घर सासूबाईंनी निवडले, गाव नोकरीने, क्ष-किरणशास्त्रसुद्धा गुणवत्ता यादीने. ही एक वस्तू मी निवडली. लाल, दोन आसने, छत मागे जाणारे.

१९ एप्रिल, शनिवार
महाल भागात, वामनराव मेकॅनिककडे. अठरा वर्षांत ही गाडी दुसऱ्या कोणी उघडलेली नाही. शिक्षण सातवी. लांब पेचकस इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. "पाण्याचा पंप गेला, मॅडम. बेअरिंग रडून राहिली." पूर्वी एकदा मी त्यांना स्टेथोस्कोप देऊ केला होता. "नको. त्यात गाडीचं कमी अन् माह्यंच जास्त ऐकू येईन."

त्यांची पद्धत: खोक्याच्या पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढायचा, भोके पाडायची, आणि बोल्ट जिथून निघाला तिथे खोचायचा. पंप जवळपास गोल. बोल्ट दिसायला सारखे, लांबीत मात्र दोन-तीन मिलिमीटरचा फरक. लिहून काहीही ठेवत नाहीत. पुठ्ठा साबणाच्या खोक्याचा, तेलकट, त्यावर चहाच्या कपाचे वर्तुळ. मला बघवेना.

२० एप्रिल, रविवार
पुन्हा महाल. वामनराव नवा पंप आणायला गेलेले. दुकानात त्यांची बायको सुमनताई. "ऱ्हाऊ द्या ना मॅडम, हात खराब होतीन तुमचे." मी ऐकले नाही. एकेक बोल्ट पुठ्ठ्यातून काढला, रॉकेलने धुतला, गॉजने पुसला, आणि एक्स-रे फिल्मच्या पाकिटातल्या पांढऱ्या कार्डावर खोचला. आकृतीही दुरुस्त केली. त्यांनी ती समोर उभे राहून, स्वतःच्या बाजूने काढलेली होती. आमच्या शास्त्रात डावे-उजवे रुग्णाचे असते, बघणाऱ्याचे नव्हे. मी ती गाडीच्या बाजूने काढली. जुना पुठ्ठा कचऱ्यात.

वामनराव आले. कार्ड उजेडात धरले. "बापा! हे तं फ्रेम करून लावाले पाहिजे." मग जरा थांबून, "अशेच होते ना हे?"
त्याहून बरोबर आहेत, म्हटले.
"तुम्ही म्हणता म्हणजे झालं."
आठवड्यातला पहिला प्रसन्न दिवस.

२३ एप्रिल, बुधवार
गाडी आली. काटा मधल्या रेघेच्या खाली, हीटर बंद, छत मागे. सकाळी साडेसातला रिंग रोडवर वारा. श्री.ला म्हटले, कॅलेंडरवरची तारीख पुसली तरी चालेल. "नापास होऊन येऊ दे, मग पुसतो."

२६ एप्रिल, शनिवार
अजनी चौकात वाफ. सिग्नल हिरवा, मागे भोंगे, आणि बॉनेटखालून पांढरा लोट. एका ऑटोवाल्याने ओरडून विचारले, "मॅडम, चहा उकळून राहिला का?" ओढत महालला नेली.

वामनरावांनी पंप उघडला. इंजिनाच्या ओतीव कवचाला केसाएवढी चीर. लांब बोल्ट उथळ भोकात गेला होता. तळाला टेकूनही आवळला गेला. चीर मी त्यांच्या आधी पाहिली. हाडांतल्या असल्याच चिरा शोधून मी जगते.

मग मी बोलले. शांतपणे, पूर्ण वाक्यांत. शेजारचा पंक्चरवाला, दोन गिऱ्हाइके आणि सुमनताई ऐकत असताना. अठरा वर्षांचा अनुभव म्हणजे तीच चूक अठरा वर्षे करणे असू शकते, असेही एक वाक्य होते. ते म्हणाले, "मॅडम, मी तं कार्डावर पाहूनच..." मी पुढचे ऐकले नाही.

घरी येऊन जुन्या गाड्यांच्या मालकांच्या ग्रुपवर सविस्तर लिहिले. चार परिच्छेद. छायाचित्रासह.

२ मे, शुक्रवार
ग्रुपवरच्या दोघांनी वामनरावांकडून गाड्या उचलल्या. 'मॅडमनी वेळेत सावध केले.' वाचून बरे वाटले. नोंद प्रामाणिक असावी म्हणून लिहिते.

गाडी बेसाला, घरी, कापडाखाली. वर्धा रोडच्या वातानुकूलित कार्यशाळेतल्या टाय लावलेल्या तरुणाने चीर पाहिलीसुद्धा नाही. "हे पार्ट आता येत नाहीत, मॅम." दुसऱ्याने गाडी पाहून मोबाइल काढला आणि स्वतःचाच फोटो घेतला.

श्री.च्या गाडीतून जाते-येते. तो गुणगुणतो. इतकी वर्षे मला हे माहीत नव्हते.

एकवीस दिवस.

७ मे, बुधवार
पदव्युत्तर विद्यार्थिनीने अहवालात डाव्या फुफ्फुसाचा डाग उजव्यात लिहिला. तिला समोर उभे करून नेहमीचे सांगत होते: तुझी बाजू विसर, ती प्रतिमा तुझ्याकडे तोंड करून उभी आहे, तिचे डावे तुझ्या उजव्या...

तिथेच थांबले. ती बिचारी रडायच्या बेतात होती. तिला वाटले, मी संतापाने गप्प झाले.

घरी येऊन २० एप्रिलचे पान काढले. माझ्याच अक्षरात, माझ्याच अभिमानाने लिहिलेले आहे. वामनराव गाडीसमोर उभे राहून काम करतात. कार्ड समोर ठेवून, जसे दिसेल तसे बोल्ट बसवतात. त्यांच्या डाव्या हाताचे बोल्ट मी उजवीकडे नेले होते. सगळे. एकही न चुकता.

८ मे, गुरुवार
त्यांनी तपासायला हवे होते.
आकृती बदलली आहे हे त्यांना दिसायला हवे होते.
त्यांनी विचारले होते. 'अशेच होते ना हे?'

१० मे, शनिवार
महालला गेले. ठरवून, वाक्ये तयार करून.

दुकानात एकही गाडी नाही. वामनराव एका स्कूटरचा कार्ब्युरेटर उघडून बसलेले. डोळ्यांवर जाड चष्मा, नवा, नाकावरून घसरणारा. सुमनताईंनी आतूनच सांगितले, "डोळे तपासून आणले त्याईचे. डॉक्टर म्हणे काही नाही, थोडासा नंबर. पण हे ऐकूनच नाही राहिले. एक बोल्ट तीन-तीनदा काढून पाहतात."
"तू चूप बस वं," ते म्हणाले. मग मला: "मॅडम, तुमच्या गाडीले आता मी हात नाही लावत. चूक तं माह्यीच होती. आता हाताचा भरोसा नाही राहिला. भाचा म्हणते, दुकान दे मले, सर्व्हिस सेंटर टाकतो."

माझी वाक्ये तयार होती. मी म्हटले, चष्म्याची दांडी कानामागे नीट बसलेली नाही. आणि ती बसवून दिली. आणि निघाले.

एवढेच केले मी.

१३ मे, मंगळवार
इपॉक्सी गोंदाने चीर स्वतः बुजवली. कृती तंतोतंत. बारा तास सुकवून इंजिन सुरू केले. सहा मिनिटांनी फरशीवर हिरवे पाणी. कापड टाकले. कापडाखाली बसून राहिले, गाडीत, बंद छताखाली, श्री.ची हाक येईपर्यंत. "अगं, आत काय करून राहिली? जेव ना."

दहा दिवस. गाडी जाईल. तिच्या आधी त्या माणसाचे दुकान जाईल. पहिल्याचे दुःख सांगता येते.

१७ मे, शनिवार
सांगितले.

वामनराव ऐकत राहिले. मग हसले, समजुतीने, रुग्णाच्या नातेवाइकासारखे. "मले बरं वाटावं म्हणून बोलून राहिल्या तुम्ही. डॉक्टर आहात, डावं-उजवं तुमचं कसं चुकन?"

पर्समधून ही वही काढली आणि २० एप्रिलचे पान मोठ्याने वाचून दाखवले. आजवर हिच्यातले अक्षरही कोणाला ऐकवलेले नाही. 'आकृतीही दुरुस्त केली' इथे अडखळले. पुन्हा सुरुवातीपासून वाचले.

"कचऱ्यात टाकला पुठ्ठा?" त्यांनी विचारले.
हो.
"तोही लिहून ठेवला?"
हो.

मग सुमनताई म्हणाल्या, मला नव्हे, भिंतीला: "वीस दिवस झोपले नाही हे." भांडे आपटून आत गेल्या. चहा आला नाही. येऊ नये हेच योग्य होते.

वामनरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पुन्हा लावला. "गाडी घेऊन या. ॲल्युमिनियम वेल्डिंगवाला आहे एक माह्या ओळखीचा. होईन की नाही, सांगत नाही."

१८ मे, रविवार
ग्रुपसाठी सहा मसुदे. प्रत्येकात मला वाचवणारे एखादे उपवाक्य सापडत होते. शेवटी तीन वाक्ये ठेवली: चूक वामनरावांची नव्हती. बोल्ट मी उलट्या बाजूला लावले होते आणि ते बरोबर आहेत असे त्यांना सांगितले होते. त्यांच्यावर मी केलेला आरोप खोटा आहे.

पहिले उत्तर: 'मॅडम, तुमच्या मनाचा मोठेपणा!' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. गरीब मेकॅनिकला मी पाठीशी घालते आहे, असा सर्वांचा समज.

पुन्हा लिहिले. कोणी उत्तर दिले नाही. कोणाची गाडी महालला परत गेल्याचेही कळले नाही.

श्री.ने वाचले. जेवताना पहिल्यांदाच विचारले, "तो वेल्डिंगवाला चांगला आहे ना गं?"

२२ मे, गुरुवार
रजा घेतली. दुपारभर महाल. वेल्ड ओबडधोबड, सुरवंटासारखा फुगीर. मी काही बोलले नाही.

पुठ्ठा नाही, म्हणून वामनरावांनी प्रत्येक भोकात तार घालून खोली मोजली, बोल्टाशी ताडली, बसवला. काढला. पुन्हा मोजला, बसवला. पूर्वी हे हात असे थांबत नसत. मी स्टुलावर, सुमनताई दारात. घामाने चष्मा घसरत होता आणि मागे सारायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

शेवटचे दोन बोल्ट उरले, दोन भोकेही. तार घातली, काढली, पुन्हा घातली. मग बोल्ट हातात धरून माझ्याकडे पाहिले. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

"हा इथलाच ना, मॅडम?"

मला ठाऊक होते. कोणता कुठला, ते तारेवरच्या खुणेवरून मला स्टुलावरून स्पष्ट दिसत होते. निदान, मला तसे वाटत होते.

मी उठले आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. समोर कुल्फीचा गाडा, त्यापुढे एक उलटी लावलेली स्कूटर. मागे काहीच हालचाल नाही. सुमनताईंचा आवाज आला, हळू: "लावा ना. तुमाले काहून विचारा लागते कोणाले?" मग पाना फिरल्याचा आवाज. एकदा. काही वेळाने दुसऱ्यांदा.

मी वळून पाहिले तेव्हा दोन्ही भोके भरलेली होती आणि ते हात पुसत होते. चष्मा खिशात होता. बोल्ट उघडून दाखवा, असे मी म्हटले नाही.

गाडी चालवत घरी आणली. हीटर बंद. काटा मधल्या रेघेवर. खाली नाही, वरही नाही. फरशीवर पांढरे कार्ड अंथरले आहे, पाणी ठिबकले तर दिसेल म्हणून. अजून पाहायला गेलेले नाही.

उद्या नऊ वाजता तपासणी. वामनराव साडेसातला इथे येतो म्हणाले. शेजारी बसून ऐकणार आहेत, पेचकस घेऊन.