सत्तावीसशेवर एक तास

कात्रप, बदलापूर पूर्व
फेब्रुवारी २००८, रविवार सकाळ

प्रिय आई,

तू गेल्याला पाच महिने होऊन गेले. मधे बरेचदा तुला लिहावंसं वाटलं, पण सांगण्यासारखं काही नव्हतं. जे होतं ते लाजेचं होतं. काल आमच्या कॉलेजात ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवायची स्पर्धा झाली आणि मी आपला कॉम्प्युटर घेऊन गेले होते. आता सांगण्यासारखं झालंय, म्हणून लिहायला बसले. बाबा बाजारात गेलेत. ते यायच्या आत संपवायचंय.

सुरुवात मागच्या मार्चपासून करते, कारण तुझी एक माफी तिथपासून मागायची राहिलीय.

डिप्लोमासाठी कॉम्प्युटर घ्यायला बाबा हो म्हणाले तेव्हा मदरबोर्ड कुठला घ्यायचा हे माझं आधीच ठरलं होतं. मासिकात फोटो होता. निळे दिवे, नारंगी खाचा, पंख्यावर चित्र. तू म्हणालीस, मीही येते कॅम्प तीनला दुकानात. मला वाटलं, आई येऊन काय करणार? अंबरनाथच्या कंपनीत तू अठरा वर्षं सर्किट बोर्ड तपासत होतीस आणि माझ्या डोक्यात ते एकदाही आलं नाही. माझ्या लेखी तू पहिल्या पाळीला जायचीस आणि डब्यात चपाती-भाजी न्यायचीस, एवढंच.

दुकानदार हरेशभाईंनी माझ्या आवडीचा बोर्ड काढून दाखवला. तू पर्समधून तो भिंगाचा चष्मा काढलास, बोर्ड उलटा केलास आणि मागची बाजू बघत बसलीस. हरेशभाई हसले. म्हणाले, "मावशी, पसंत करायला साडी आहे काय ती? आगे से देखो, आगे से." तू वर न बघता बोट ठेवलंस. "भाऊ, हा सोल्डरचा टाका सुका आहे. हा पाय हलतो. आणि प्रोसेसरपाशी साधे कपॅसिटर लावलेत, तापले की दोन वर्षांत फुगणार." हरेशभाईंनी स्वतःचा चष्मा लावला, बघितलं आणि आत गेले. मग त्यांनी एकामागून एक पाच बोर्ड आणले.

तू निवडलास तो साधा हिरवा बोर्ड. दिवे नाहीत, चित्र नाही. प्रोसेसरभोवती मात्र सगळे धातूच्या टोपणाचे, न फुगणारे कपॅसिटर. मी हरेशभाईंना विचारलं, ह्याच्या सेटिंगमधे वेग आणि व्होल्टेज वेगवेगळं बदलता येतं का? ते म्हणाले, सब कुछ आहे. तरी मी तोंड फुगवलं. घरी येईपर्यंत तुझ्याशी बोलले नाही आणि पुढचे चार दिवस धड बोलले नाही. तू एकदाही रागावली नाहीस. का नाही रागावलीस गं? एक रट्टा दिला असतास तर आता इतकं टोचलं नसतं.

बोर्ड बसला, मशीन सुरू झालं, आणि महिन्याभरात मी त्याला पळवायच्या मागे लागले. तू विचारलंस, कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त कशाला पळवायचं? मी समजावलं की बोर्डाची मूळ चाल दोनशे आहे, प्रोसेसर तिला नवानं गुणतो, म्हणून अठराशे. कंपनी हा आकडा असा धरते की कुठलाही प्रोसेसर तो गाठेलच. पण काहींच्या अंगात त्याहून पुष्कळ असतं. फक्त बोर्ड तेवढा दमाचा पाहिजे.

तू हसलीस. "म्हणजे आमच्या टार्गेटसारखं. ते सगळ्यात हळू बाईवर ठरवतात." मग लगेच विचारलंस, "आणि तापेल त्याचं काय?"

मी म्हटलं, बघू पुढे. आठ दिवसांनी मी घाईनं चाल आणि व्होल्टेज एकदम वाढवलं आणि स्क्रीन काळीच राहिली. मी रडायला लागले. तू पोळ्या करत होतीस. गॅस बंद करून आलीस, मला बोर्डासोबत आलेलं माहितीपुस्तक वाचायला लावलंस आणि चिमट्यानं तो तांदळाएवढा जंपर एका पिनवरून दुसरीवर सरकवलास. सगळ्या सेटिंग पुसल्या गेल्या आणि मशीन परत उठलं. मग माझ्या जुन्या वहीत तू रकाने आखलेस. चाल, व्होल्टेज, तापमान, किती वेळ चाललं. म्हणालीस, "पाच-पाचनं चढ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, प्रज्ञा. दोन बदलल्यास तर चुकलं कशानं, हे कळणार कसं?"

जूनपर्यंत आपण दोनशे पन्नासला पोचलो. दुपारी तू पाळीवरून यायचीस, पाय धुवायचीस आणि आधी वही बघायचीस. ते दिवस चांगले होते.

आता एक तक्रार ऐक. ते पोटातलं दुखणं तुला एप्रिलपासून होतं, हे आम्हाला जुलैत डॉक्टरांकडून कळलं. तू ॲसिडिटीच्या गोळ्या खात राहिलीस. केसाएवढा तडा तुला दिसायचा, दुसऱ्याचा बोर्ड तू भिंग लावून बघायचीस. मग स्वतःचं का लपवलंस? रजा मिळणार नाही म्हणून? की माझी परीक्षा होती म्हणून? डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर काहीतरी करता आलं असतं. बाबा ते वाक्य अजून विसरले नाहीत. मीही नाही.

हॉस्पिटलात तू शेवटी शेवटी विचारलंस, आता कितीवर आहे? मी म्हटलं, दोनशे ऐंशी. खोटं होतं, आई. महिनाभर मी मशीनला हातही लावला नव्हता. तू मान डोलावलीस आणि म्हणालीस, ताप बघ.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कंपनीतल्या लाइनवरच्या सगळ्या बायका आल्या होत्या. त्यानंतर घर एकदम मोकळं झालं. ऑक्टोबरातली एक दुपार. लोडशेडिंग संपून वीज आली, खोली नुसती भट्टी झाली होती. मी मशीन उघडलं आणि वही न घेता चाल सरळ तीनशे चाळीसवर नेली. व्होल्टेज जिथवर जात होतं तिथवर चढवलं. खरं सांगू? तो चालावा म्हणून नव्हतं ते. तू नाहीस आणि तू निवडलेला बोर्ड शहाण्यासारखा चालतोय, हे मला सहन होत नव्हतं. दहाएक मिनिटांत बारीक फट् असा आवाज आला, धुराची रेघ निघाली आणि सगळं बंद पडलं.

बाबांना मी वायर जळली म्हणून सांगितलं. बोर्ड खोक्यात घालून माळ्यावर टाकला.

पंधरा दिवसांनी निर्मलामावशी आली. तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची ती. तुझ्या लॉकरमधलं सामान घेऊन आली होती. तो भिंगाचा चष्मा, दोन चिमटे आणि डब्याची पिशवी. चष्मा बघून मला राहवलं नाही. खोकं खाली काढलं आणि तिला सगळं खरं सांगितलं. ती ओरडली नाही. तुझाच चष्मा लावून तिनं बोर्ड बघितला आणि म्हणाली, मॉस्फेट गेलाय. प्रोसेसरला वीज मापून देणारा तो काळा चौकोनी तुकडा. त्याच्याजवळचा तांब्याचा पट्टा मात्र शाबूत होता. मी म्हटलं, मावशी, तू बदलून दे ना.

"मी नाही देणार करून. तू जाळलास, तू बदल. माझ्या घरी ये रविवारची, शिकवते."

मग मी हरेशभाईंकडे गेले, शिकायला मेलेले बोर्ड मिळतील का विचारायला. त्यांनी ओळखलं नाही. भिंगाचा चष्मा म्हटल्यावर ओळखलं. तू गेल्याचं सांगितलं तर आत गेले आणि पोतंभर भंगार बोर्ड आणून माझ्यापुढे ठेवले. "ले जा. और पाहिजे तर परत ये."

सहा रविवार मी अंबरनाथला मावशीच्या स्वयंपाकघरात बसले. पहिल्या रविवारी नुसतं सोल्डरिंगचं टोक साफ ठेवायला शिकले. दुसऱ्या रविवारी तीन बोर्डांवरचं तांबं उचकटून टाकलं. मावशी म्हणाली, सुरुवातीला तुझी आई माझ्या बोटांवर चिमटा मारायची, मी तुझ्यावर कमीच ओरडतेय. तू मारायचीस? मला तर कधी मारलं नाहीस. चौथ्या रविवारी माझा टाका नीट बसायला लागला. सहाव्या रविवारी भंगारातल्या एका बोर्डावरून तसाच मॉस्फेट काढला आणि आपल्या बोर्डावर बसवला. मावशीनं भिंगातून बघितलं, बघतच राहिली, आणि शेवटी म्हणाली, पास.

घरी येऊन बटण दाबलं. पंखा फिरला. प्रोसेसर, मेमरी, सगळं शाबूत निघालं. मी जमिनीवर बसून रडले, पण या वेळी लगेच उठले आणि नवीन पानावर रकाने आखले.

त्याच सुमाराला घरात दुसरंच सुरू झालं होतं. तुझ्या कंपनीतल्या मॅडमनी बाबांना निरोप दिला होता की तुझी जागा मला देतील. बाबांना वाटत होतं मी ती घ्यावी. त्यांच्या केमिकल कंपनीचं काही खरं नाही, हे तुला माहीतच आहे. ते म्हणाले, मिळतंय ते धर, डिप्लोमाचं पुढे बघू. मी नाही म्हटलं. तुझ्या कामाची लाज वाटते म्हणून नाही, हे त्यांना कसं समजवायचं ते मला कळेना. तू अठरा वर्षं बोर्ड तपासलेस. तो कसा आखतात हे मला शिकायचंय, आई. बोर्ड आखणारा माणूस कुठल्या जागी वीज कमी पडू देतो आणि का, हे मला जाणून घ्यायचंय. तीन दिवस आम्ही दोघं एका ताटलीचाही आवाज न करता जेवलो. मग मी बाबांना जाळलेल्या बोर्डाची गोष्ट सांगितली, सगळी. आणि म्हटलं, स्पर्धेला या. बघा आणि मग बोला.

नवीन मॉस्फेटवर आणि त्याच्या भावंडांवर मी ॲल्युमिनियमचे लहान तुकडे कापून चिकटवले, ताप ओढून घ्यायला. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मला इतक्या उशिरा सापडलं. मग पाच-पाचनं चढले. दोनशे नव्वदला मशीन दोनदा अडकलं. मेमरीच्या वेगाचं प्रमाण खाली घेतल्यावर सुटलं. जानेवारीअखेर तीनशे. तीनशे नवे सत्तावीसशे.

काल आठ मशीन होती. नियम असा की प्रत्येकानं आपला वेग आधी लिहून द्यायचा आणि त्या वेगावर सगळ्यात जड चाचणी एक तास चालवायची. अडकलं की बाद. मासिकातला तो निळ्या दिव्यांचा बोर्ड दोघांकडे होता. एकानं तर पाण्यानं थंड करायची नळी लावली होती. आपला हिरवा बोर्ड बघून कोणीतरी म्हणालं, हे काय, ऑफिसातलं उचलून आणलं? मी सत्तावीसशे लिहिले. बत्तीसशे लिहिणारेही होते.

विसाव्या मिनिटाला पहिलं मशीन गेलं. मग दुसरं. चाळिसाव्या मिनिटापर्यंत चार गेली. माझा तापमानाचा आकडा अडुसष्टवर येऊन थांबला आणि तिथून हलला नाही. बाबा शेवटच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण घड्याळ कळत होतं. तास पूर्ण झाला तेव्हा ते उभे राहिले.

मी तिसरी आले, आई. पहिली नाही. उरलेल्या चारांत दोघांचा वेग माझ्याहून जास्त होता.

पण परीक्षक सर बोर्डावर वाकले आणि त्यांना माझा टाका दिसला. हा कोणी बदलला? मी म्हटलं, मी. शिकवलं कोणी? मी मावशीचं नाव सांगायला हवं होतं. तोंडातून निघालं, "आईनं." त्यांनी विचारलं, आई काय करतात?

"सर्किट बोर्ड तपासते. इन्स्पेक्शनला आहे."

आहे म्हणाले गं. सरांनी मान हलवली, म्हणाले, तरीच. मी दुरुस्त केलं नाही. बाबा मागे उभे होते, त्यांनीही केलं नाही.

येताना रिक्षात मशीन माझ्या मांडीवर होतं. घर आलं तेव्हा बाबा म्हणाले, "सोमवारी त्या मॅडमना सांगतो, जागा दुसऱ्या कोणाला तरी द्या." एवढंच. मग मशीन माझ्या हातातून घेऊन तीन जिने चढले. दुसऱ्या जिन्यावर खोकला आला म्हणून थांबले, पण मशीन खाली ठेवलं नाही.

आता माझं वचन. डिप्लोमा मी पूर्ण करीन, आणि तो झाल्यावर बोर्ड आखायचं काम जिथे मिळेल तिथे जाईन, मग ते कितीही लांब असो. ते माझ्याकडून चुकणार नाही.

त्याहून मोठं वचन हे आहे. या घरात आता कोणी दुखणं लपवणार नाही. बाबा तीन आठवडे खोकतायत आणि हवा बदललीय म्हणतात. उद्या साडेदहाला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मॅडमकडे ते त्यानंतर जातील. छातीचा फोटोही काढायचा आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही. आता येतील, पिशवी ठेवतील, तेव्हा सांगीन. ते नाही म्हणतील. मी ऐकणार नाही.

तुझी,
प्रज्ञा