उलट्या फेरीच्या भांडणास वारस हवा

मी, दिगंबर वामन सोवनी, वय ७१, निवृत्त मुख्याध्यापक, राहणार सहकारनगर, पुणे, पूर्ण शुद्धीवर आहे. मला कुणी धाक घातलेला नाही व सकाळची रक्तदाबाची गोळी मी घेतलेली आहे. सबब खालील मजकूर माझाच समजावा.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी माझ्या पश्चात पत्नी सौ. हेमा हिच्या. तिने माझ्या आमटीतले मीठ कमी केले, पापड बंद केले आणि लोणच्याची बरणी कुलपात ठेवली. त्या किल्लीबद्दल येथे काही लिहीत नाही, कारण ती माझ्या ताब्यात कधी आलीच नाही.

२. रक्तदाब मोजण्याचे यंत्र चिरंजीव वरद यास. तो हडपसरला दिवसभर खुर्चीत बसून काम करतो, रात्री जागतो आणि जेवण मागवून खातो, तेव्हा त्याला ते लवकरच लागेल. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे गप्प बसावे लागते. सोवनी घराण्यात हे कुणाला जमलेले नाही.

३. आता मुख्य मालमत्ता. शेजारी श्री. बाबुराव शितोळे यांच्याशी असलेले माझे भांडण वडिलोपार्जित नसून स्वकष्टार्जित आहे, त्यामुळे त्याची विल्हेवाट लावण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही रोज सकाळी बागेत बरोबर फिरत असू. रक्तदाब उतरायला फेरी उजवीकडून मारावी की डावीकडून, यावरून आमचे फाटले. तेव्हापासून ते एकीकडून फिरतात, मी दुसरीकडून. परिणामी प्रत्येक फेरीत आम्ही दोनदा समोरासमोर येतो आणि दोन्ही वेळा तोंड फिरवावे लागते. फिरून आल्यावर माझा रक्तदाब जातानापेक्षा जास्त भरतो.

डॉ. निकिता ओव्हाळ म्हणाल्या, "काका, चालणं सोडू नका, गोळी सोडू नका. भांडण सोडा. नाहीतर एक दिवस बागेतच पडाल."

चालू स्थितीतली वस्तू टाकून देण्याची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून वारस शोधला. वरद म्हणाला, "बाबा, नको. माझ्या टीममध्येच भरपूर आहेत." हेमा म्हणाली, "अहो, मला विरजण शितोळे वहिनींकडूनच आणावं लागतं." सबब भांडण अद्याप माझ्याकडेच पडून आहे.

४. एकट्याने फिरायला मला अजिबात आवडत नाही. बाबुरावांची आठवण येते, समोरून येत असतात तेव्हाही येते. मात्र मी दिशा बदलणार नाही.

५. मृत्युपत्रातून ज्याला काहीच मिळत नाही असा साक्षीदार घ्या, असे वकील म्हणाले. डॉक्टर सोडल्यास माझ्या ओळखीत असा एकच गृहस्थ निघाला. हेमाने त्यांना बोलावले. त्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला, चष्मा लावला आणि सगळे दोनदा वाचले.

स्थळ : पुणे. दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५.
सही : दि. वा. सोवनी

साक्षीदार १ : डॉ. निकिता ओव्हाळ. यांचे मन ठिकाणावर आहे, रक्तदाब मात्र नाही.

साक्षीदार २ : बाबुराव शितोळे. कलम ३ ला हरकत. सदर भांडणात निम्मा हिस्सा माझा असून माझ्या संमतीशिवाय ते कुणालाही देता येणार नाही. एकट्याने सांभाळणे मला झेपणार नाही, तरी सोवनी यांनी तूर्त मरू नये.