लाल पट्टीची सिरिंज

२ फेब्रुवारी

परवानगी मिळाली! साहेबांनी सही करताना मान वरसुद्धा केली नाही. “करा, करा. हौस भागवून घ्या, मॅडम.” हौस!

डोळ्याच्या ऑपरेशनला म्हातारी माणसं सकाळी येतात, संध्याकाळी घरी जातात. त्यांना गुंगीचं जुनं औषध बरं की नवं, हे मी ताडून बघणार. कागदावर एवढंच. खरं कारण इथे लिहायला काय हरकत आहे — मला या माणसाचं नाक ठेचायचंय.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन साहेब करणार होते आणि भूल मीच देणार होते. नवं औषध मागितलं, भांडले. “टेबल माझं, औषधही मी म्हणेन तेच.” जुनं द्यावं लागलं. घरी नेल्यावर आई मला ‘ताई’ म्हणायला लागली. मी तिचा चहा टाकत होते, तेवढ्यात बाथरूम समजून जिन्याकडे गेली. खुबा मोडला. त्यानंतर उठलीच नाही. आणि साहेब? “वय झालं की होतंच असं.”

ते वाक्य मी जपून ठेवलंय. त्यांचं त्यांना परत करायचंय.

१७ फेब्रुवारी

सुरुवात झाली. औषधांच्या खोलीतल्या बाई सिरिंज भरून पाठवतात — एकीवर लाल पट्टी, एकीवर निळी. कशात जुनं, कशात नवं, ते फक्त त्यांना ठाऊक. पेशंटसाठी मी चिठ्ठी उचलायची. निघेल तो रंग द्यायचा. गुंगी उतरली की विचारायचं — आज वार कोणता? सोबत कोण आलंय?

बाईंना चहा पाजला, गोड बोलले. फुटत नाहीत! “शेवटचा पेशंट होऊ दे, मॅडम. तोवर तोंडाला कुलूप.”

५ मार्च

आजच्या निळ्या आजींनी डोळा उघडताच सुनेला झापलं — माझी पर्स कुठे ठेवलीस? झकास! लाल आजोबा मात्र सिस्टरला हेडमास्तर समजून रजा मागत होते. सिस्टरने देऊन टाकली. सगळे हसले. मी हसले नाही.

लाल म्हणजे जुनं. सांगायला बाईच कशाला हव्यात?

२१ मार्च

आजही बरळला तो लालवालाच. साहेब बरे सापडलेत!

९ एप्रिल

साहेबांना मोतीबिंदू! कधीचं लपवत होते म्हणे. ऑपरेशन त्यांचा धाकटा पार्टनर करणार. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, “मलाही घ्या तुमच्या अभ्यासात. बघू तरी काय दिवे लावताय.”

एकाच पेशंटची जागा शिल्लक होती. मी म्हटलं, “अवश्य, सर.”

१२ एप्रिल

चिठ्ठी निळी निघाली.

मी ती चुरगाळून खिशात टाकली आणि लाल सिरिंज उचलली. ऑपरेशन छान झालं. डोळा उत्तम. मी बाहेर वाट बघत बसले.

साहेब उठले ते पलंगाखाली चपला शोधत. लेक्चर चुकेल म्हणाले! वार विचारला — मान हलवली. सोबत कोण आलंय विचारलं. समोर बायको उभी. तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग अगदी अदबीने म्हणाले, “या बाईंना कुणीतरी खुर्ची द्या.”

“अहो, मी आहे!” तिचा चेहरा पार उतरला. तिने माझा हात घट्ट धरला. “डॉक्टर, हे मला ओळखत नाहीयेत हो. असं कसं झालं?”

आई पडल्यावर याच खोलीत, साहेबांपुढे उभं राहून, मीही अगदी हेच विचारलं होतं.

“वय झालं की होतंच असं,” मी म्हणाले.

गोड वाटलं. खोटं कशाला लिहू? फार गोड वाटलं.

१३ एप्रिल

औषधांच्या खोलीतल्या बाईंनी कुलूप उघडलं. लाल म्हणजे नवं. मी दोनदा विचारलं. “नवंच, मॅडम. माझ्या हाताने भरलंय.” आईसाठी मी भांडून मागत होते ते हेच.

बाहेर आले तर साहेबांच्या बायकोचा फोन. आज सकाळीही त्यांनी तिला खुर्ची दिली. माझा हात खिशातल्या चुरगाळलेल्या चिठ्ठीवर गेला.

“तुम्ही नका हो मनाला लावून घेऊ,” तीच म्हणाली. “तुम्हीच सांगितलंत ना — वय झालं की होतंच असं.”