आटलेल्या सपाता

लोकर आटते, एवढे दोन शब्द तोंडातून काढायला तुमचं काय जात होतं, आबा? म्हसवडच्या अंगाला तुमच्यासारखी लोकरीची जेनं कुणी करत नव्हतं. लोकर भिजवून, लाटून, तुडवून अशी घट्ट बैठक करायचात की वर तांब्याभर पाणी ओतलं तरी खाली उतरत नसे. आणि पोरीला शिकवायचं म्हटलं की तोंडात सुपारी धरून उंबऱ्यावर बसायचात. "बिघडलं की कळंल," एवढंच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही उतरत नाही.

लढाईची सालं होती ती. दादा पलटणीतून सुट्टीवर आला होता, आणि आता बोटीनं थंड मुलखात धाडणार म्हणून सांगत होता. त्याच्या पायाला थंडीत भेगा पडून रक्त यायचं. आई नव्हती, मग मीच म्हटलं, बूट काढल्यावर घालायला लोकरीच्या सपाता करून देते. मी बारा वर्षांची. तुम्ही हसलात. "जेन येतंय का आदी?"

पहिल्या जोडीला मी सगळी लोकर उभीच पसरली. दादानं पाय घातला तशी टाचेला फाटली. तुम्ही त्या भोकात बोट घालून ते आणखी मोठं केलंत आणि जोडी शेळीपुढं टाकलीत. मग माझं मीच ताडलं, एक थर उभा, एक आडवा. दुसऱ्या जोडीवर उकळतं पाणी एकदम ओतलं. वरची साल धरली, आत सगळं पोकळ. तिसऱ्या वेळी कोमट पाणी, रिठ्याचा फेस, सगळं दमानं. दादाच्या पायाला सुतळी लावून माप घेते आहे, नेमक्या त्याच मापाचं तरट कापते आहे, लोकर त्याच्यावर बसवायला. तुम्ही बघता आहात. दादा म्हणतो, "आवं आबा, चुकत आसंल तर सांगा की तिला." तुम्ही म्हणता, "सांगून कोन शिकतंय?" मी लाटत गेले तशी सपात घट्ट होत गेली, आणि आखूड होत गेली.

दुसऱ्या दिवशी त्याला जायचं होतं. त्यानं सपाता हातात घेतल्या, उलट्यासुलट्या केल्या, आणि घालून न बघताच ट्रंकेत ठेवल्या. "तितं गेल्यावर घालतो गं." काही महिन्यांनी पत्र आलं, मास्तरांनी वाचलं: सपाता चांगल्या बसल्या, पाय गरम राहतात. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही.

तो आलाच नाही. त्याचं गाठोडं घेऊन तासगावकडचा त्याचा सोबती आला. सपाता त्यात होत्या, तळव्याला मातीचा कण नाही. "लय जपायचा," तो म्हणाला. "उशाला ठिवायचा. घातल्याल्या कवा बघितल्या न्हाईत." पाय थंडीनं काळे पडले आणि त्यातच गेला, हेही त्यानंच सांगितलं. तुम्ही उठून मेंढरांकडं गेलात.

पुढं सांगलीत नांदायला आले, लिहावाचायला शिकले, कितीतरी जोड्या केल्या, एकही आखूड झाली नाही. मापाच्या वर चार बोटं सोडते. तेवढं शिकायला एक भाऊ लागला. परवा नात शिकायला बसली. तिनं कात्री उचलायच्या आत मी सांगून टाकलं, लोकर आटते, चार बोटं सोड. "आजी, एवढी वरडतीस कशाला?" म्हणाली.

हा कागद लोकरीच्या पोत्यातच राहणार, म्हणून लिहिते. त्या सपाता वाळल्यावर मी माझा पाय घालून बघितला होता. मला बेताच्या बसल्या. मला कळलं होतं, आबा. तरी दिल्या, कारण पुन्हा तुमचं हसणं ऐकायचं नव्हतं.

तेव्हा तुम्ही बोलू नका. दादा तिथं असेल तर त्याला समोर बसवा, आणि चांगल्या बसल्या म्हणून का लिहिलंस ते विचारा. उत्तर त्यानंच द्यायचं. तुम्ही तोंडात सुपारी धरा.